पोतं आणि वर किलोभर

कांदा-बटाटा मार्केटात
सव्वीस वर्षं मी काट्याशी उभा आहे.
पोतं पन्नासच्या वर नको असा कायदा,
हमालाच्या मणक्यासाठी केलेला. चांगला कायदा.
माझी रेवती म्हणजे एक पोतं
आणि वर किलोभर.
आज त्याच्याही वर चारशे ग्रॅम,
आणि उद्या सकाळी सातला ठाण्यात वजन.

चारशे ग्रॅम म्हणजे काय ते मला विचारा.
चार मध्यम कांदे. ओले असतील तर साडेतीन.
रात्री साडेदहाला दोन जर्किनं चढवून
ती कोपरखैरण्याच्या नाल्याकडेने पळते आहे,
मी सायकलवर मागे.
पाण्याची बाटली माझ्याकडे, झाकण घट्ट.
मागितली तरी द्यायची नाही
असं तिनेच मला बजावून ठेवलंय.

मागच्या वर्षी अठ्ठेचाळीसमध्ये होती.
समोर अल्फिया तुंगेकर, मुंब्र्याची, डावखुरी.
पाच पंच. तीन-दोन.
मग हाडं वाढली, दोघींचीही, जणू ठरवून,
आणि दोघी एकाच मोसमात
तीन किलो वर सरकल्या.
एक जरी तिथेच राहिली असती
तरी ही लढत झाली नसती.

टपरीवर चार दिवस हेच चाललंय.
बबन टोळीवाला म्हणतो, पहिल्याच राउंडला रेवती, लिहून घे.
लालजीशेठ म्हणतात, वाईट वाटून घेऊ नका ढेबे,
पण त्या पोरीचा हात लांब आहे.
घोसाळकर सर भाकीत करत नाहीत,
ते फक्त झोप किती झाली विचारतात.
आणि सगळे माझ्याकडे बघतात,
कारण मी पोतं लांबून पाहून सांगतो,
अठ्ठेचाळीस सातशे,
आणि पैज हरलेली माणसं मला चहा पाजतात.

मी म्हणतो, बघू.

त्या दिवशी मी खुर्चीवर चढून ओरडलो होतो, चोरी! चोरी!
पंचांच्या टेबलाकडे धावलेल्यांत मी पुढे होतो.
पण आत एक जुना काटा आहे, लोखंडी, दांडीचा.
तिसरा राउंड संपायच्या आधीच
तो तिकडे झुकला
आणि तिथेच थांबला.
झुकलेला काटा पाहून
चिठ्ठीवर दुसराच आकडा लिहायचा,
हे मी कुठल्या शेठसाठी केलं नाही,
बबनसाठी नाही, बहिणीच्या नवऱ्याच्या मालासाठीही नाही.
पोरीसाठी केलं.
वर्षभर घरात तोच आकडा चालतो.
तिची आई देवापुढे तोच सांगते.

खांबाखाली रेवती थांबली.
गुडघ्यांवर हात. तोंडात थुंकी नाही थुंकायला.
म्हणाली, "ती आधी तिच्या उजवीकडे सरकते, अण्णा,
मगच डावा येतो.
मला तिसऱ्या राउंडला कळलं. उशीर झाला."
एवढंच. चोरीबिरी काही नाही.
मी म्हणालो, "हं."
आणि सायकलची घंटी उगाच वाजवली.

पहाटे चारला, गाड्या लागायच्या आत,
तिला मार्केटात माझ्या काट्यावर उभी केली.
चपला बाजूला, पातेऱ्यात.
लाल आकडे धावू लागले.
माल ओला असला की तूट धरतात,
माती, साल, देठ,
सवयीनं माझ्या तोंडून गेलं,
"थोडी तूट धरू."

ती हलली नाही. समोर शटरकडे बघत होती.
"तूट नको, अण्णा.
आहे तेच सांगा."

आकडा अजून थरथरत होता,
एक्कावन्नाच्या जरा इकडे, जरा तिकडे.
दूर पहिली गाडी रिव्हर्स घेत होती.
"श्वास सोड," मी म्हणालो,
आणि वाकून वाचायला लागलो.